एमडीनंतर परदेशात क्लिनिकल मेडिसिनची पीएचडी : जावं की इथेच राहावं?

श्वासनलिका

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी छातीविकारतज्ज्ञ. शिक्षण सगळं मुंबईत, पालिकेच्या कॉलेजात. सरकारी सेवेचा बाँड पुरा करून आता मुलुंडला एका खासगी रुग्णालयात आहे आणि आठवड्यातल्या काही दुपारी परळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात बसते. डोक्यात पीएचडीचं हे खूळ शिरलं ते तिथेच.

तिथे येणाऱ्यांत टीबीचा कोर्स पूर्ण केलेले बरेच असतात. थुंकी निगेटिव्ह, औषधं बंद, सरकारी नोंदीत माणूस बरा. आणि तोच माणूस माझ्यासमोर स्पायरोमेट्रीची (फुप्फुसांची ताकद मोजायची) नळी तोंडात धरून बसलेला असतो. 'फुंका, फुंका, अजून, अजून' म्हणेपर्यंत खोकल्याची उबळ येते आणि स्क्रीनवरची रेघ मध्येच कोसळते. त्यातला एकजण भायखळ्याच्या भाजी बाजारात पाट्या उचलायचा. आता पाटी सोडा, नुसता जिनाही चढवत नाही, घर बायकोच्या शिवणावर चालतं. त्याला द्यायला माझ्याकडे इन्हेलर आणि 'खाणं वाढवा' यापलीकडे फारसं काही नाही. जंतू तर सगळ्यांचेच मेलेत, मग एकाची फुप्फुसं सावरतात आणि दुसऱ्याची कायमची बाद होतात, हे का, ते मला शोधायचंय.

इंग्लंडमधले एक प्राध्यापक नेमकं यावर काम करतात. मेल टाकली, उत्तर आलं, व्हिडिओ कॉल झाला, गाईड व्हायला तयार आहेत. अर्जाची मुदत डिसेंबरात. पैशाचं मात्र 'तुम्ही अर्ज तर करा, बघू' असं.

वय ३२. लेक चार वर्षांची, नवरा ऐरोलीला आयटीत. सासूबाई विचारतात, 'डॉक्टर झालीस, मग मोठी डॉक्टर झालीस, आता आणखी कसली डॉक्टर?' याला माझ्याकडे धड उत्तर नाही. पण खरी धास्ती दुसरीच आहे. तीन-चार वर्षं ब्राँकोस्कोप (श्वासनलिकेत घालायची दुर्बीण) हातात धरला नाही तर हात राहील का? आणि परत आल्यावर बसायचं कुठे? कुणी गेलं असेल, जाऊन आलं असेल, ठरवून गेलं नसेल, तर कृपया लिहा.

आगाऊ

साडेपाच, अधिक तीन, अधिक बाँडचं एक, अधिक चार. ताई, प्रॅक्टिस पेन्शनीत सुरू करणार का? (हलके घ्या.)

मंजिरी_डोंबिवली

यातलं काही कळत नाही, पण वाचतेय.

सुरी_कात्री

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी सर्जन, ठाण्यात स्वतःचं नर्सिंग होम. 'डॉक्टर, तुमची पीएचडी झालीये का' असं विचारणारा पेशंट मला आजवर भेटलेला नाही. मेडिक्लेमवाल्यांनाही त्याचं सोयरसुतक नाही. मुलुंड-ठाण्यात छातीवाले पायलीचे पन्नास झालेत. तुम्ही चार वर्षं गायब झालात की तुमच्याकडे पेशंट धाडणारे जीपी (फॅमिली डॉक्टर) दुसऱ्याकडे धाडायला लागतील, मग परत आल्यावर दिवाळीला मिठाईचे डबे वाटत फिरा. कॉलेजात शिकवायचं म्हणाल तर क्लिनिकल विभागात लागायला एमडी लागतं, ते तुमच्याकडे आहेच. पीएचडी त्याची जागा घेत नाही. संशोधनच करायचंय ना? इथे बसून पेपर लिहा. कुणी अडवलंय?

डेटाताई

@सुरी_कात्री, कुणी अडवलंय ते सांगते. मी स्टॅटिस्टिशियन. एमडी-एमएसच्या थिसिसचं सबमिशन जवळ आलं की रेसिडेंट एक्सेल शीट घेऊन दारात. 'मॅडम, पी व्हॅल्यू काढून द्या, ०.०५ च्या खाली.' (निष्कर्ष निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, ते सांगणारा आकडा.) प्रश्न काय होता असं विचारलं तर थिसिसचं शीर्षक वाचून दाखवतात. त्या पोरांना बोल लावत नाही मी. इमर्जन्सी उरकून आलेल्या माणसाला प्रश्न सुचायचे तरी कधी? पण 'पेपर लिहा' म्हणणं सोपं आहे. प्रश्न कसा विचारायचा हे कुणीतरी शेजारी बसवून शिकवावं लागतं आणि त्याला मोकळा वेळ लागतो. नोकरी सांभाळून तो मिळत नाही.

सुरी_कात्री

पी व्हॅल्यूचं मान्य. बाकीचं नाही.

बॉम्बे_ओएच

मी पॅथॉलॉजीतून निवृत्त. श्वासनलिका, बेटा, तुझे पेशंट कुठे आहेत? भायखळ्यात. मग तू चाललीस कुठे?

या परळ-भायखळ्याच्या टापूत काय काय होऊन गेलंय ते तुमच्या पिढीला कुणी सांगत नाही. हाफकिननं प्लेगची लस ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. माझं टोपणनाव ज्यावरून आहे तो बॉम्बे रक्तगट परळच्या केईएम रुग्णालयात भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधला, १९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यासाठी कुणाला बोटीत बसावं लागलं नाही. आज पीएचडी इथे करायची तर नाशिकचं आरोग्य विद्यापीठ आहे. टाटा मेमोरियल आणि त्यांच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात काम करून होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची पदवी मिळते. आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) दोन संस्था परळातच आहेत, एक प्रजनन आरोग्याची, एक रक्तविकारांची. घर सुटत नाही, ओपीडी सुटत नाही. तिकडे गेलेले तिकडच्या प्रश्नांवर काम करून येतात आणि इथला प्रश्न होता तिथेच राहतो.

अवांतरवाला

सर, इतिहास काढलात तर पुरता काढा. खानोलकर लंडनला जाऊन १९२३ साली पॅथॉलॉजीत एमडी करून आले, त्यानंतरचं ग्रँट मेडिकल आणि टाटा मेमोरियलमधलं त्यांचं काम तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. रखमाबाई लंडनला शिकल्या आणि १८९४ साली ब्रसेल्सची एमडी घेऊन परतल्या. आणि तुमचा हाफकिन मूळचा ओडेसाचा, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून इकडे आलेला. तोही परदेशी विद्यार्थीच म्हणायचा.

बॉम्बे_ओएच

हाफकिनचा मुद्दा बिनतोड. मत बदललेलं नाही.

पिपेट

धाग्यावर उशिरा आलो. मी एमडी मेडिसिन, इंग्लंडात पीएचडी करून परतलो, आता नवी मुंबईत. जे जाण्याआधी कुणी सांगत नाही तेवढंच लिहितो.

आधी एक घोळ मिटवा. तिथे एमडी ही संशोधनाची पदवी आहे, पीएचडीची धाकटी बहीण, बहुधा दोन वर्षांची. आपली एमडी म्हणजे त्यांच्या हिशेबात स्पेशालिस्टचं ट्रेनिंग. अर्जात नुसतं 'एमडी' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटतं यांचा प्रबंध होऊन गेलाय, मग परत कशाला? सीव्हीत एका ओळीत खुलासा करा. ऑक्सफर्डचा डीफिल म्हणजे पीएचडीच.

आता तिथले सुरुवातीचे दिवस. मुंबईत आम्ही रात्री-बेरात्री सेंट्रल लाइन टाकायचो, छातीत ड्रेन टाकायचो. तिथे पेशंटचं साधं रक्त काढायची मनाई. जीएमसीचं (तिथल्या मेडिकल कौन्सिलचं) रजिस्ट्रेशन नाही म्हणजे तुम्ही विद्यार्थी, डॉक्टर नाही. संशोधनासाठी वॉर्डात पाऊल टाकायचं तरी रुग्णालयाचं ऑनररी काँट्रॅक्ट नाहीतर परवानगीचं पत्र हवं, त्यासाठी पोलिसांकडची तपासणी, लसींचे दाखले, जीसीपीचं (पेशंटवरच्या संशोधनाचे नियम शिकल्याचं) सर्टिफिकेट. रक्त काढणार रिसर्च नर्स. मी शेजारी बर्फाचा डबा धरून उभा. तिनं ट्यूबवर बारकोड चिकटवला, वेळ मिनिटासकट लिहिली, माझ्याकडून सही घेतली आणि म्हणाली, चल पळ. पळायचंच असतं, कारण त्या रक्तातल्या पेशी काही तासांत वेगळ्या करून गोठवल्या नाहीत तर नमुना गेला. पुढे हेच काम मुंबईत करताना पावसाळ्यात हिंदमाताला टॅक्सीत अडकलो होतो, मांडीवर डबा, बाहेर गुडघाभर पाणी. ड्रायव्हर विचारतोय, 'साहेब, आत मासे आहेत का?'

मग संगणक. 'आर' ही आकडेमोडीची संगणकभाषा शिकावी लागते, गत्यंतर नाही. एका स्वल्पविरामापायी अख्खी संध्याकाळ जाते. आणि ग्रुप मीटिंग. बावीस वर्षांची मुलगी हात वर करून विचारते, 'तुझा कंट्रोल ग्रुप (तुलनेचा गट) हाच का?' आपल्याकडे राउंडला सरांना असं विचारायची कुणाची प्राज्ञा आहे? तिथे गाईडलाही विचारतात आणि गाईड गुमान उत्तर देतो. मला विचाराल तर चार वर्षांत शिकलो ते मुख्यतः हे. बाकी तंत्रं इथेही शिकता आली असती, बॉम्बे_ओएच सरांचं तेवढं खरं आहे.

हाताबद्दल गोड बोलणार नाही. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपलीकडे काम करता येत नाही, आणि ट्रेनिंगमधल्या डॉक्टरची नोकरी या व्हिसावर मिळत नाही. रजिस्ट्रेशनसाठी प्लॅब ही परदेशी डॉक्टरांची परीक्षा द्यायची तर पहिला भाग मुंबईत देता येतो, दुसऱ्यासाठी मँचेस्टर गाठावं लागतं. पीएचडी करता करता तेही उरकून टाकू म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा तेलही जातं, तूपही जातं. माझ्या मते उपाय एकच. प्रकल्पच असा आखा की मधला वर्ष-दीड वर्षाचा काळ पेशंट गोळा करायला मुंबईत यावं लागेल. हे काही जगावेगळं मागणं नाही. ऑक्सफर्डची व्हिएतनाम, थायलंड आणि केनियात कायमची संशोधन केंद्रं आहेत, तिथे राहून डीफिल करणारे असतात. टीबीत तर मुंबईला वगळून कुणाचं भागत नाही. ऑक्सफर्डच्या पुढाकारानं झालेल्या क्रिप्टिक प्रकल्पात टीबीच्या जंतूंचे १२,००० वर नमुने जगभरातून तपासले, कुठल्या जनुकीय बदलामुळे कुठलं औषध निकामी होतं ते शोधायला. त्यात मुंबईच्या प्रयोगशाळा होत्या.

मात्र मग परवानग्यांची माळ लागते. इथली एथिक्स कमिटी, तिथली एथिक्स कमिटी, आणि परदेशी संस्थेबरोबरचं काम म्हणून आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाची स्क्रीनिंग कमिटी. ट्रायल असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी. हे 'तिकडे पोचल्यावर बघू' म्हणून सोडू नका. कागद इथे टेबलावर पडून असतो आणि तिथे स्टायपेंडचे महिने संपत असतात.

राहिला गाईड. नुसतं विद्यापीठाचं नाव बघून जाऊ नका. त्यांच्या आत्ताच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांना परस्पर मेल टाका. गाईड भेटतात किती वेळा, मागचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं, आणि सुट्टी मागितली तर चेहरा कसा होतो. शेवटच्या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागला तर काय ते समजा.

आगाऊ

शेवटचा प्रश्न माझ्या मॅनेजरलाही लागू. धागा वाचनखुणेत टाकला आहे.

मेट्रनबाई

पिपेट, तुमची ती नर्स वाचून बरं वाटलं. मी पालिकेच्या रुग्णालयात सिस्टर म्हणून लागले आणि मेट्रन होऊन निवृत्त झाले. वॉर्डात कुणाचा थिसिस चालू असला की रक्त आम्हीच काढायचो, चिकटपट्टीवर नावं आम्हीच लिहायचो, आणि छापून आल्यावर आभारात 'वॉर्डातील कर्मचारी'. असो.

श्वासनलिकाबाई, जा किंवा राहा, पण प्रकल्पात सिस्टरचा पगार वेगळा धरा. ओपीडीतल्या सिस्टरला 'जरा एवढंही बघा हं' म्हणून सांगितलेलं काम दुसऱ्या आठवड्यात बंद पडतं, आणि पडायलाच हवं. दुसरं, भायखळ्याचा भाजी बाजार पहाटे भरतो. तिथल्या माणसांना सकाळी नऊची वेळ दिलीत तर एकही फिरकणार नाही. दुपारी बोलवा आणि जाण्यायेण्याचे पैसे हातात द्या, नंतर बँकेत टाकतो म्हणू नका.

डेटाताई

@मेट्रनबाई, तुम्ही आता जे सांगितलंत ते प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांना कुणी शिकवत नाही. पेशंट परत आलेच नाहीत की मग माझ्याकडे येतात, 'मॅडम, मिसिंग डेटाचं काहीतरी करा.'

बोरिवली_स्लो

मी डॉक्टर नाही, डॉक्टरचा नवरा. बायको पीएचडीला गेली, मुलगा आणि मी सोबत. ही बाजू कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

ब्रिटननं जानेवारी २०२४ पासून शिकवणीच्या मास्टर्सवाल्यांना कुटुंब आणायची बंदी केली, संशोधन पदवीवाल्यांना मुभा ठेवली. म्हणजे तुम्ही तिघं जाऊ शकता, आणि नवऱ्याला तिथे पूर्णवेळ नोकरी करता येते. पण आकडे मांडा. आरोग्य अधिभार विद्यार्थ्याला आणि त्याच्या कुटुंबाला माणशी वर्षाला ७७६ पौंड. तिघांचे चार वर्षांचे ९,३१२ पौंड झाले, दहा लाखांच्या वर, आणि ते हप्त्यानं नाही, व्हिसाच्या अर्जासोबत एकदम. शिवाय राहण्याखाण्याची रक्कम खात्यात सलग २८ दिवस दिसली पाहिजे. मध्येच एखादी एसआयपी कापली जाऊन शिल्लक ठरलेल्या आकड्याखाली गेली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. लेकीला सरकारी शाळा फुकट मिळेल. शाळेचं वय व्हायचं असेल तर पाळणाघर म्हणजे दुसरं घरभाडं समजा.

नवऱ्याशी नीट बोललात का? आम्हा आयटीवाल्यांना वाटत असतं, रिमोट मिळेल की. माझ्या तेव्हाच्या कंपनीनं तोंडी हो म्हटलं आणि ऐनवेळी टॅक्सचं कारण काढून नाही. मग काही काळ स्वयंपाक, मुलगा आणि नोकरीचे अर्ज. दिवस वाईट गेले असं नाही म्हणणार, मुलगा माझ्या हाताखाली वाढला. पण वर्षानुवर्षं लोकलला लोंबकळून ऑफिस गाठलेल्या माणसाला सकाळी अकरा वाजता भांडी विसळत उभं राहिल्यावर आपण नक्की कोण, असा प्रश्न पडतो. हे बोलणं अर्ज भरायच्या आधी होऊ दे, व्हिसा आल्यावर नको.

सुरी_कात्री

या सगळ्यात फीचं कुणी बोलतच नाही. परदेशी विद्यार्थ्याला स्थानिकाच्या कित्येक पट फी असते. फ्लॅट विकून पीएचडी करणाऱ्यांना माझा दंडवत.

शाहूनगर

फ्लॅट विकायला आधी फ्लॅट असावा लागतो, सर. मी लातूरकडचा, घरातला पहिला डॉक्टर, मुंबईत होस्टेलवर राहून शिकलो. पैशाशिवाय जायचा विचार करायचीही आमच्यात सोय नव्हती, म्हणून शिष्यवृत्त्या तोंडपाठ आहेत.

अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज. मराठा विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सारथी संस्थेची आहे. उत्पन्न, वय, विद्यापीठाची क्रमवारी या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा, व्हॉट्सॲपवरच्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका. सर्वांसाठी म्हणाल तर जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, ऑफिस इथेच फोर्टात, पण ती कर्जरूपी आहे, फेडावी लागते. ऑक्सफर्डला क्लॅरेंडन, त्याला वेगळा अर्ज नाही, प्रवेशअर्ज ठरल्या मुदतीत पोचला की आपोआप विचार होतो आणि देशाची अट नाही. केंब्रिजला गेट्स, ती ब्रिटनबाहेरच्यांसाठीच आहे आणि वयाची अट नाही. ऑक्सफर्डच्याच रोड्स शिष्यवृत्तीचं वय तुमचं उलटलं. यूकेआरआयच्या (ब्रिटनच्या सरकारी संशोधन निधीच्या) जागा २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत, पण कमाल ३० टक्के. त्यांचा किमान स्टायपेंड २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड. एकट्याचं त्यात भागतं. तिघांचं बोरिवली_स्लो सांगतील.

ताई, गाईडना आजच्या आज एक मेल टाका. 'तुमच्या ग्रँटमधून फी निघते ती स्थानिक दराची की परदेशी दराची?' जाहिरातीत 'फुल्ली फंडेड' असतं आणि फरकाची रक्कम विद्यार्थ्याच्या गळ्यात पडते. ती फरकाची रक्कमच जीवघेणी असते.

कर्ज काढून मात्र जाऊ नका. एमडीचं कर्ज पुढे पेशंट फेडतात. पीएचडीचं कोण फेडणार?

सुरी_कात्री

शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावा.

स्टॉकहोमवासी

सगळे इंग्लंडच घेऊन का बसलेत? इकडे स्वीडनमध्ये पीएचडी म्हणजे नोकरी. फी शून्य, तुम्ही कुठल्याही देशाचे असा. दरमहा पगार, त्यावर टॅक्स, रजा, बाळंतपणाची रजा, पेन्शनमध्ये भर. पूर्णवेळ केलं तर चार वर्षं. पण 'माझा विषय हा, मला घ्या' असं सहसा चालत नाही, जागेची जाहिरात येते आणि त्या प्रकल्पाला अर्ज करायचा. कॅरोलिन्स्का या इथल्या वैद्यकीय विद्यापीठाच्या जागा त्यांच्या साइटवर लागतात. प्रबंध म्हणजे बहुतेक वेळा तुमचे पेपर एकत्र बांधून पुढे एक मोठी प्रस्तावना. व्हायव्हा (प्रबंधाची तोंडी परीक्षा) बंद खोलीत नाही, चारचौघांत. बाहेरून बोलावलेला 'ऑपोनंट' सगळ्यांदेखत तुम्हाला सोलतो, तुमचे आईवडील पहिल्या रांगेत बसून बघतात, मग पार्टी. त्याआधी काही आठवडे प्रबंधाची प्रत भिंतीवर खिळा ठोकून लावायची रीत आहे. खरा हातोडा, खरा खिळा.

अमेरिकेचा विचार असेल तर तिथे पाच-सहा वर्षं जातात. आणि एनआयएचच्या (तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या) पैशावर चालणाऱ्या एमडी-पीएचडीच्या जागा नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच.

आगाऊ

खिळा ठोकून! आमच्या सोसायटीत सूचनाफलकाला टाचणी लावायला सेक्रेटरीची परवानगी लागते.

पिपेट

ऑक्सफर्डचंही ऐका. व्हायव्हाला गडद सूट, पांढरा शर्ट, टाय किंवा बो-टाय आणि वर काळा गाऊन घालावा लागतो. आमच्या एका मित्रानं लग्नातला सूट नेला होता. चार वर्षं पास्त्यावर काढल्यावर तो कुठला बसतोय.

विषयावर येतो. 'परत आल्यावर बसायचं कुठे' याचं उत्तर कुणी दिलं नाही. डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टची मिळून इंडिया अलायन्स आहे, क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्यातल्या संशोधकांसाठी त्यांच्या वेगळ्या फेलोशिप आहेत. त्यात तुमचा पगार आणि संशोधनाचा खर्च दोन्ही निघतात, म्हणजे रुग्णालयाला तुमच्या मोकळ्या वेळाची किंमत मोजावी लागत नाही. खासगी रुग्णालयं मग बरीच मऊ होतात. अर्धा आठवडा ओपीडी, अर्धा संशोधन, अशी घडी मुंबईत बसवलेले लोक आहेत. थोडे आहेत, पण आहेत.

आणखी एक, खास छातीवाल्यांसाठी. ब्रिटनच्या व्हिसाला भारतातून टीबीचा दाखला लागतो, त्यांनी नेमलेल्या क्लिनिकमधून छातीचा एक्सरे. तुम्ही जन्मभर टीबीच्या ओपीडीत बसलेल्या. जुना डाग दिसला तर थुंकीचं कल्चर करायला लावतात, त्याच्या निकालाला आठ आठवडे. दाखला सहा महिने चालतो, तेव्हा वेळेचं गणित आधी मांडा. एखादा एक्सरे स्वतःच काढून बघून ठेवा.

श्वासनलिका

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मध्ये इमर्जन्सी होती म्हणून उशीर झाला.

शाहूनगर, तुमचा प्रश्न जसाच्या तसा गाईडना पाठवला. उत्तर प्रामाणिक आलं: ग्रँटमधून स्थानिक दराचीच फी निघते, फरकासाठी विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली तर मिळाली. तेव्हा अर्ज डिसेंबरात करणार, पण शिष्यवृत्ती नाही मिळाली तर जाणार नाही. कर्ज काढणार नाही आणि मुलुंडचं घर तर सासूबाईंच्या नावावर आहे, त्यामुळे सुरी_कात्री सरांनी निश्चिंत राहावं. स्वीडनच्या जाहिरातींवरही नजर ठेवतेय.

पिपेट, मधलं वर्ष मुंबईत काढायचं गाईडना सुचवलं तर ते उलट खूश झाले. त्यांच्याकडे स्कॅनर आहेत, पेशंट नाहीत. इथल्या बाजूनं सह-गाईड लागेल म्हणाले. त्या वर्षात दवाखान्यातली ब्राँकोस्कोपी चालू ठेवता येईल, म्हणून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि त्याच्या नूतनीकरणाला लागणारे ३० क्रेडिट पॉइंट वेळेत भरून ठेवणार आहे.

मेट्रनबाई, सिस्टरचा पगार बजेटमध्ये पहिल्या ओळीत घातला.

बोरिवली_स्लो, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. तो दोनदा वाचून म्हणाला, 'भांडी मी आत्ताही घासतोच.' पण नंतर एचआरला मेल टाकताना दिसला.

बॉम्बे_ओएच सर, तुमच्याशी अजूनही पूर्ण सहमत नाही. इथे पीएचडी केली तर मी ओपीडी सोडणार नाही हे तुम्ही फायदा म्हणून सांगितलंत. मला तीच भीती आहे. ओपीडी समोर असताना मी दुसरं काही करू शकत नाही, पेशंट उठवून लॅबमध्ये जायचं मला जमणार नाही. काही काळ त्यांच्यापासून लांब गेल्याशिवाय त्यांच्यासाठी हे काम होणार नाही, असं मला वाटतं. सासूबाईंनाही हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मग मी नातीला सांभाळायला येऊ का तिकडे?' तो व्हिसा मिळणार नाही, हे अजून सांगितलेलं नाही.

बॉम्बे_ओएच

मुद्दा लक्षात आला. पटला असं म्हणणार नाही. सह-गाईडसाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, दोन नावं देतो. दोघंही विक्षिप्त आहेत, पण एथिक्स कमिटीचे कागद डोळ्यांत तेल घालून वाचतात.

सुरी_कात्री

जाताना मुलुंडचे जीपी कोणाकडे सोपवणार? माझा भाचा छातीवाला आहे. (हलके घ्या. अर्धंच.)

दंतमंजन

नवीन सदस्य. मी दंतवैद्य, बीडीएस झालेय, एमडीएस नाही. क्लिनिकल मेडिसिनच्या पीएचडीला मला घेतील का, की एमबीबीएसच लागतं?

पिपेट

@दंतमंजन, एमबीबीएसची सक्ती नाही. अशा विभागांत डॉक्टर नसलेले भरपूर असतात, जीवशास्त्रवाले, गणितवाले, संगणकवाले. विषयाला धरून चांगली पदवी आणि थोडा संशोधनाचा अनुभव बघतात. तुमचा विषय काय आहे? हिरड्यांचा आजार आणि मधुमेह असं काही असेल तर एका ग्रुपचं नाव आहे माझ्याकडे. व्यनि करतो.